अनशन आणि वैयावृत्त्य : गांधीजींच्या डॉक्टर सुशीला नय्यर

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात तपाचे बारा भेद सांगितले आहेत. त्यांपैकी सहा बाह्य आणि सहा आभ्यंतर. बाह्य तपांत पहिला क्रम अनशनाचा आहे, तर आभ्यंतर तपांत प्रायश्चित्त व विनय यांच्या पाठोपाठ वैयावृत्त्य येते. वैयावृत्त्य म्हणजे सेवाशुश्रूषा. ही सेवा कोणाची करावी हे सांगताना सूत्रकारांनी दहा जणांचा निर्देश केला आहे. त्यांत ‘तपस्वी’ आहे, तसाच ‘ग्लान’ म्हणजे व्याधीने जर्जर झालेलाही आहे.

आपल्या समाजात अठ्ठाई किंवा मासक्षमण करणाऱ्या तपस्व्याची मिरवणूक निघते, पारणे थाटाने होते आणि घरोघर अनुमोदना होते. हे सर्व उचितच आहे. परंतु त्या दिवसांत पहाटे उठून पाणी उकळून ठेवणारी, रात्री तपस्व्याच्या कपाळावर हात ठेवून पाहणारी घरातील व्यक्ती मिरवणुकीत बहुधा मागेच असते. शास्त्राने तिच्या सेवेलाही तपाचाच दर्जा दिला आहे, याचे विस्मरण होऊ नये.

विसाव्या शतकातील भारताच्या राजकीय इतिहासात अशी एक व्यक्ती होऊन गेली. महात्मा गांधींच्या अखेरच्या दशकात त्यांच्या निकट राहून त्यांची प्रकृती सांभाळणाऱ्या डॉ. सुशीला नय्यर या ती व्यक्ती होत. त्या जन्माने जैन नव्हत्या. गांधीजींचे उपवासही शास्त्रोक्त अर्थाने अनशन तप नव्हते. कर्मनिर्जरा हा जैन अनशनाचा हेतू असतो, तर गांधीजींच्या उपवासात आत्मशुद्धीबरोबरच समाजाच्या आणि राज्यकर्त्यांच्या विवेकाला केलेले आवाहनही होते. तथापि ज्याने स्वेच्छेने अन्न वर्ज्य केले आहे, त्याची सेवा त्याचा नियम मोडू न देता कशी करावी, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. सुशीलाबेन यांच्या आयुष्यात तो वारंवार उभा राहिला.

पंजाबातून सेवाग्रामला

सुशीला नय्यर यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी पंजाब प्रांताच्या गुजरात जिल्ह्यातील कुंजाह या गावी झाला. आज हे गाव पाकिस्तानात आहे. त्यांचे ज्येष्ठ बंधू प्यारेलाल हे १९२० साली एम.ए.चे शिक्षण अर्धवट टाकून असहकाराच्या चळवळीत गेले आणि पुढे गांधीजींचे सचिव झाले. थोरल्या भावामुळे लहानपणापासूनच सुशीलाबेन यांचा आश्रमाशी संबंध आला. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. त्या काळी मुलीने डॉक्टर होणे हीच मोठी गोष्ट होती. शहरात दवाखाना काढून प्रतिष्ठेचे आयुष्य जगण्याचा मार्ग त्यांच्यापुढे मोकळा होता.

१९३९ साली त्या वर्ध्याजवळ सेवाग्रामला आल्या. गांधीजी एप्रिल १९३६ च्या अखेरीस या खेड्यात राहावयास आले होते. त्या वेळी गावाचे नाव शेगाव होते, ते १९४० मध्ये सेवाग्राम झाले. सुशीलाबेन येऊन थोडेच दिवस झाले असतील, तोच वर्ध्याच्या परिसरात पटकीची साथ सुरू झाली. पंचविशीही न गाठलेल्या या तरुण डॉक्टरने बहुतांशी एकटीने ती साथ हाताळली. गांधीजींनी त्यांच्या धैर्याचे व सेवाभावाचे कौतुक केले. कलकत्त्याचे ख्यातनाम डॉक्टर बिधानचंद्र रॉय यांच्या संमतीने गांधीजींच्या प्रकृतीची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पटकीच्या साथीतील काम ही त्यांची परीक्षा ठरली.

औषध नको म्हणणारा रुग्ण

ज्यांची प्रकृती सांभाळावयाची, ते रुग्ण साधे नव्हते. १९०९ मध्ये लिहिलेल्या ‘हिंद स्वराज’मध्ये गांधीजींनी डॉक्टर आणि रुग्णालये यांवर कठोर टीका केली होती. माणूस असंयमाने आजारी पडतो, डॉक्टर त्याला बरा करतो आणि तो पुन्हा असंयमाकडे वळतो, असा त्यांचा आक्षेप होता. माती, पाणी, मोकळी हवा, मिताहार आणि रामनाम यांवर त्यांचा भरवसा होता.

आहाराविषयीच्या त्यांच्या निष्ठेची मुळे कोठे आहेत, हे या स्मरणिकेच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. १८८८ साली विलायतेस जाण्यापूर्वी त्यांना मद्य, मांस व परस्त्री यांच्या त्यागाची प्रतिज्ञा देणारे बेचरजी स्वामी हे जैन साधू होते. दुधामुळे विकार बळावतात, हा विचार आपणास प्रथम रायचंदभाईंकडून, म्हणजेच श्रीमद् राजचंद्र यांच्याकडून मिळाला, असे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे. दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबा अत्यवस्थ असताना डॉक्टरांनी गोमांसाचा अर्क देण्याचा आग्रह धरला होता. मरण आले तरी चालेल, पण तो घेणार नाही, असे बांनीच निक्षून सांगितले आणि उभयतांनी ते रुग्णालय सोडले.

पुढे गांधीजींनी दूध सोडले. १९१८ च्या आमांशाने शरीर पार खंगले, तेव्हा १९१९ च्या प्रारंभी मुंबईत डॉ. दलाल यांनी मूळव्याधीची शस्त्रक्रिया केली व दूध घेतल्यावाचून शक्ती येणार नाही, असे बजावले. प्रतिज्ञा गाई-म्हशीचे दूध मनात धरून केली होती, मग शेळीचे दूध का घेऊ नये, ही वाट कस्तुरबांनी सुचविली. गांधीजींनी ती स्वीकारली. मात्र प्रतिज्ञेचे शब्द राखले तरी तिचा आत्मा दुखावला, ही खंत त्यांना आयुष्यभर राहिली. १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. शस्त्रक्रिया चालू असतानाच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. पाश्चात्त्य वैद्यकावर टीका करणाऱ्या या माणसाने त्या शल्यविशारदाविषयी मनःपूर्वक कृतज्ञता व्यक्त केली होती.

सुशीलाबेन आल्या तेव्हा गांधीजी सत्तरीच्या उंबरठ्यावर होते आणि रक्तदाब ही त्यांची मोठी तक्रार होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या आरोग्यविषयक नोंदींत १९ फेब्रुवारी १९४० या दिवशी रक्तदाब २२० वर ११० असल्याचे आढळते. आजच्या काळात असा आकडा दिसला तर डॉक्टर रुग्णास तत्काळ दाखल करून घेतील. रक्तदाब हमखास उतरवणारी आजची औषधे तेव्हा उपलब्ध नव्हती. सर्पगंधा ही आपल्याकडील वनस्पती, विश्रांती, मौन, मालीश आणि आहार एवढ्यांवरच भिस्त होती. वजन पाहणे, रक्तदाब मोजणे, मालीश करणे, झोप किती झाली याची चौकशी करणे, भेटीस आलेल्यांना नम्रपणे परत पाठविणे, असे या डॉक्टरचे रोजचे काम होते. त्यात घरच्या मुलीची माया होती आणि दैनंदिन नोंदींची शिस्तही होती.

आगाखान पॅलेस

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’च्या ठरावासाठी मुंबईत काँग्रेसचे अधिवेशन भरले. ९ ऑगस्टच्या पहाटे गांधीजींना अटक झाली. त्या संध्याकाळी शिवाजी पार्कवरील सभेत आपण बोलू, असे कस्तुरबांनी जाहीर केले. तेव्हा पोलिसांनी त्यांनाही अटक केली आणि त्यांच्याबरोबर सुशीलाबेन यांनाही पकडले. दोघींना आधी आर्थर रोड तुरुंगात नेण्यात आले. तेथे बांना अतिसाराचा त्रास सुरू झाला. ११ ऑगस्टला दोघी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये आल्या. गांधीजी, महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू आणि मीराबेन तेथे आधीच स्थानबद्ध होते.

चौथ्याच दिवशी, १५ ऑगस्टला सकाळी, तुरुंग खात्याचे वरिष्ठ अधिकारी भेटीस आले असताना महादेवभाईंना एकाएकी घेरी आली. सुशीलाबेन धावत आल्या तेव्हा नाडी लागत नव्हती. त्यांनी शर्थ केली, परंतु उपयोग झाला नाही. पंचवीस वर्षे सावलीसारखा राहिलेला सचिव पन्नाशीत गेला. गांधीजींनी स्वहस्ते त्यांच्या देहाला स्नान घातले. पॅलेसच्या आवारातच अग्निसंस्कार झाला.

त्याच महिन्याच्या अखेरीस गांधीजींनी आरोग्यावर एक लहानसे पुस्तक गुजरातीत लिहावयास घेतले आणि डिसेंबरमध्ये ते पुरे केले. हीच ‘आरोग्याची गुरुकिल्ली’. त्यात हवा, पाणी, अन्न, माती आणि ब्रह्मचर्य यांचा विचार आहे. या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद सुशीलाबेन यांनी केला. आधुनिक वैद्यकाची पदवी घेतलेल्या डॉक्टरने आपल्याच रुग्णाचे निसर्गोपचारावरील विचार शब्दशः दुसऱ्या भाषेत उतरवावेत, यात त्यांच्या स्वभावाची खूण दिसते. आपल्या शास्त्रावर श्रद्धा ठेवूनही समोरच्याची दृष्टी प्रामाणिकपणे समजून घेणे त्यांना जमत होते. अनेकान्ताच्या परंपरेत वाढलेल्यांना या वृत्तीचे मोल सहज उमगेल.

एकवीस दिवस

देशभर झालेल्या हिंसाचाराचे खापर सरकारने गांधीजींवर फोडले. या आरोपाचा निषेध म्हणून त्यांनी एकवीस दिवसांच्या उपवासाचा निश्चय केला. १० फेब्रुवारी १९४३ रोजी उपवास सुरू झाला. वय ७३ वर्षांचे होते. हा आमरण उपवास नव्हता. आपणास मरावयाचे नसून या कसोटीतून जिवंत बाहेर यावयाचे आहे, हे त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना आधीच कळविले होते. अलीकडे नुसते पाणी पोटात टिकत नाही, म्हणून ते पिता येईल इतपत त्यात लिंबूवर्गीय फळाचा रस घालण्याची मुभा त्यांनी स्वतःला दिली होती.

उपवासात शरीराचे काय होते, हे डॉक्टरला ठाऊक असते. प्रथम यकृतातील साखरेचा साठा संपतो. मग शरीर चरबी जाळू लागते आणि त्यातून निर्माण होणारी द्रव्ये लघवीत उतरतात. चरबी संपत आली की स्नायू झिजू लागतात. या काळात पाणी भरपूर पोटात गेले तरच मूत्रपिंडे विषारी द्रव्ये बाहेर टाकू शकतात. गांधीजींना मळमळीमुळे पाणीच जाईना. धोका भुकेपेक्षा तहानेचा अधिक होता.

मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ व प्रांताचे माजी आरोग्यमंत्री डॉ. गिल्डर येरवड्यात कैदेत होते, त्यांना पॅलेसमध्ये आणण्यात आले. कलकत्त्याहून डॉ. बिधानचंद्र रॉय आले. सरकारी डॉक्टरही होते. इतक्या अनुभवी मंडळींत वयाने सर्वांत लहान, पण रुग्णाला रोज जवळून पाहणाऱ्या सुशीलाबेनच होत्या. बाहेर देश अस्वस्थ झाला होता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातून सर होमी मोदी, नलिनीरंजन सरकार आणि यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे या तिघांनी राजीनामे दिले. सरकारने मात्र गांधीजींची सुटका केली नाही.

बाराव्या-तेराव्या दिवशी प्रकृती कमालीची खालावली. नाडी हाताला जेमतेम लागत होती. अशा वेळी डॉक्टरच्या मनाची काय अवस्था होत असेल? शिरेतून ग्लुकोज दिले तर जीव वाचण्याचा संभव असतो. परंतु रुग्णाचा नियम मोडतो. बेशुद्धावस्थेतील माणूस प्रतिकार करू शकत नाही, पण म्हणून त्याच्या व्रताचा भंग करण्याचा अधिकार डॉक्टरला प्राप्त होतो काय? गांधीजींच्या विश्वासातील डॉक्टरांनी तो अधिकार आपणाकडे घेतला नाही. मोसंबीचा रस पाण्यात घालून देण्यात आला. तो त्यांनी स्वतःच आखलेल्या मर्यादेत बसत होता. पाणी पोटात टिकू लागले, मूत्रपिंडांचे काम सुधारले आणि संकट टळले. ३ मार्चला उपवास पुरा झाला.

वैयावृत्त्याची कसोटी या ठिकाणी लागते. तपस्व्याची प्रतिज्ञा मोडून त्याला वाचविले तर ती सेवा होत नाही, आणि प्रतिज्ञेच्या नावाखाली त्याला मरू दिले तर तीही सेवा होत नाही. प्रतिज्ञेचे शब्द नीट समजून घेऊन, तिच्या आत राहून जे जे करता येईल ते अखेरपर्यंत करणे, हाच त्यातला मार्ग. त्यासाठी वैद्यकाचे ज्ञान लागते आणि रुग्णाचे मनही ठाऊक असावे लागते. सुशीलाबेन यांच्यापाशी दोन्ही होते.

बांचे आजारपण

१९४३ च्या अखेरीपासून कस्तुरबांचे हृदय व फुप्फुसे साथ देईनाशी झाली. डॉ. गिल्डर आणि सुशीलाबेन उपचार करीत होते. बांना आयुर्वेदाचे औषध घ्यावेसे वाटले. सरकारी परवानगीसाठी पत्रव्यवहार झाला आणि लाहोरचे वैद्यराज शिवशर्मा आले. त्यांना रात्री आवारात राहू देण्यास अधिकारी प्रथम तयार नव्हते. तेव्हा रात्री गरज पडलीच तर जवळ असावे, म्हणून वैद्यराज फाटकाबाहेर आपल्या मोटारीतच झोपू लागले. गांधीजींनी याविरुद्ध सरकारला कडक पत्र लिहिले. या काळात दोन्ही डॉक्टरांनी आपले उपचार थांबवून वैद्यराजांना पूर्ण वाव दिला. वैद्यराजांनी आपले प्रयत्न संपल्याचे सांगताच त्यांनी पुन्हा जबाबदारी उचलली. आपला उपाय बाजूला ठेवून रुग्णाच्या इच्छेसाठी वाट पाहणे, हे कोणत्याही वैद्यास सोपे नसते.

अखेरच्या दिवसांत धाकटे चिरंजीव देवदास आले. त्या वेळी नवेच निघालेले पेनिसिलिन कलकत्त्याहून विमानाने मागविण्यात आले होते. ते काही तासांच्या अंतराने टोचावे लागते, हे कळल्यावर गांधीजींनी नकार दिला. आता हिला शांतपणे जाऊ द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. मुलाला तो उपाय करून पाहावयाचा होता. एका अंथरुणाभोवती पतीची श्रद्धा, मुलाची तळमळ आणि डॉक्टरांचे ज्ञान, असे तिन्ही एकत्र आले होते. डॉक्टरांनाही फारशी आशा उरली नव्हती. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, बांनी गांधीजींच्या मांडीवर प्राण सोडला. महादेवभाईंच्या समाधीशेजारीच बांची समाधी झाली. पुढे १९६९ मध्ये आगाखान यांनी ही वास्तू राष्ट्राला अर्पण केली. पुण्यास गेलेल्या आपल्यापैकी अनेकांनी त्या दोन समाध्यांसमोर हात जोडले असतील.

हा निर्णय योग्य होता की नव्हता, यावर आजही मतभेद होऊ शकतात. त्यानंतर दोन महिन्यांतच गांधीजींना हिवताप झाला. आरंभी त्यांनी अन्न टाकून फळांच्या रसावर राहून पाहिले. मात्र ताप हटेना, तेव्हा क्विनीन घेतले. टीकाकार यात विसंगती दाखवितात. परंतु गांधीजींची औषधाविषयीची भूमिका हा सतत चाललेला प्रयोग होता, आणि त्या प्रयोगात चुकण्याची व सुधारण्याची जागा होती. ६ मे १९४४ रोजी प्रकृतीच्या कारणास्तव त्यांची सुटका झाली. या एकवीस महिन्यांत सुशीलाबेन यांनी रोजनिशी ठेवली होती. तीवरून ‘बापू की कारावास-कहानी’ हा हिंदी ग्रंथ तयार झाला. त्या स्थानबद्धतेचा तो एक महत्त्वाचा आधारग्रंथ आहे.

अखेरचा उपवास

१९४६ च्या अखेरीस नोआखालीत गांधीजींनी आपल्या सोबत्यांना एकेका खेड्यात एकटे राहावयास पाठविले. सुशीलाबेनही अशाच एका गावी राहिल्या. दंगलीने होरपळलेल्या त्या भागात हिंदू व मुसलमान दोन्ही समाजांच्या आजाऱ्यांना त्यांनी औषधोपचार केला. भयभीत माणसाचे दार औषधाची पेटी घेऊन येणाऱ्याला लवकर उघडते, हा तेथला अनुभव होता.

१३ जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत जातीय सलोख्यासाठी गांधीजींचा अखेरचा उपवास सुरू झाला. वय ७८. मूत्रपिंडे आधीच थकली होती. सुशीलाबेन व इतर डॉक्टर रोज पत्रक काढून प्रकृतीचे खरे वर्तमान देशापुढे ठेवीत. लघवीत ॲसिटोनची द्रव्ये दिसू लागल्याचे सुशीलाबेन यांनी सांगितले, तेव्हा रामनामावरील आपली श्रद्धा अपुरी असल्याचे ते लक्षण आहे, असे उत्तर गांधीजींनी दिले. हा शरीरातील रसायनाचा भाग आहे, असे डॉक्टरने समजावून पाहिले. दोघेही आपापल्या जागी ठाम होते, आणि त्यामुळे त्यांच्यातील माया कमी झाली नाही. १८ जानेवारीला सर्व पक्षांच्या व धर्मांच्या प्रतिनिधींनी शांततेची हमी दिल्यावर मौलाना आझाद यांच्या हातून संत्र्याचा रस घेऊन उपवास सुटला.

शरीर सावरू लागताच गांधीजींनी सुशीलाबेन यांना एका वेगळ्या कामगिरीवर पाठविले. बहावलपूर संस्थानात अडकलेल्या हिंदू व शीख लोकांच्या सुरक्षिततेची पाहणी करण्यासाठी त्या पाकिस्तानात गेल्या. ३० जानेवारीच्या संध्याकाळी बिर्ला भवनात गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा सुशीलाबेन तेथे नव्हत्या. ज्यांची नाडी त्यांनी वर्षानुवर्षे रोज पाहिली, त्यांची अखेरची नाडी पाहणे त्यांच्या वाट्यास आले नाही. जवळ असत्या तरी त्या जखमांपुढे डॉक्टर काही करू शकला नसता, हे त्यांना कळत होतेच. आपल्या माणसाच्या अखेरच्या क्षणी दूर असल्याचे दुःख ज्याने भोगले आहे, त्याला ते समजेल.

एका रुग्णापासून हजारो रुग्णांपर्यंत

त्यानंतर काय करावयाचे, हा प्रश्न तेहतीस वर्षांच्या डॉक्टरपुढे होता. त्या अमेरिकेत गेल्या आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे उच्च शिक्षण घेऊन १९५० मध्ये परतल्या. फाळणीनंतर वसविलेल्या फरीदाबाद येथे त्यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे केले. १९५२ ते १९५५ या काळात त्या दिल्ली राज्याच्या आरोग्यमंत्री होत्या, पुढे तेथील विधानसभेच्या अध्यक्षा झाल्या. १९५७ पासून झाशी मतदारसंघातून त्या लोकसभेवर निवडून आल्या आणि १९६२ ते १९६७ या काळात केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. १९७७ मध्ये जनता पक्षातर्फे त्या पुन्हा निवडून आल्या.

मंत्रिपदाची ही यादी मोठी आहे. तथापि त्यांचे चिरंतन कार्य सेवाग्रामच्या मातीतच उभे राहिले. १९४४ मध्ये सुटकेनंतर त्यांनी आश्रमात लहानसा दवाखाना सुरू केला होता. रुग्णांची गर्दी वाढून आश्रमाची शांतता भंगू लागली, तेव्हा बिर्ला कुटुंबाने दिलेल्या अतिथिगृहात तो हलविण्यात आला. १९४५ मध्ये तेथेच स्त्रिया व मुलांसाठी पंधरा खाटांचे कस्तुरबा रुग्णालय सुरू झाले. ज्या माउलीला आगाखान पॅलेसमध्ये वाचविता आले नाही, तिच्या नावाने खेड्यातील आयाबायांसाठी दार उघडले गेले.

१९६९ हे गांधीजींचे जन्मशताब्दी वर्ष. त्या वर्षी सुशीलाबेन यांच्या पुढाकाराने सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. खेड्यात उभारलेले देशातील हे पहिलेच वैद्यकीय महाविद्यालय होय. पहिल्या तुकडीत साठ विद्यार्थी होते. खेड्यात चांगले डॉक्टर मिळत नाहीत, कारण डॉक्टर शहरात घडतात आणि शहरासाठीच घडतात, असा त्यांचा साधा विचार होता. म्हणून येथे प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याने प्रथम गांधीजींच्या आश्रमात शिबिरासाठी राहावे, खादी वापरावी, श्रमदान करावे, सर्वधर्म प्रार्थनेस बसावे, असे नियम ठरविण्यात आले. शाकाहार आणि निर्व्यसनीपणा ही संस्थेची आचारसंहिता झाली. प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते आणि तेथील कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी करून त्यांच्या संपर्कात राहते. देशव्यापी सामायिक प्रवेश परीक्षा येईपर्यंत येथील प्रवेशासाठी गांधीविचारांवर स्वतंत्र प्रश्नपत्रिका द्यावी लागत असे.

परिसरातील शेतकऱ्यांनी सुगीत आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी जमा करावी आणि त्या बदल्यात वर्षभर कुटुंबाला उपचाराची हमी मिळावी, अशी योजनाही या संस्थेने राबविली. दान घेणाऱ्याचा स्वाभिमान राखून सेवा कशी करावी, याचा हा उत्तम पाठ आहे. पंधरा खाटांच्या त्या रुग्णालयात पुढे नऊशेहून अधिक खाटा झाल्या. विदर्भाप्रमाणेच शेजारच्या राज्यांतूनही गोरगरीब रुग्ण तेथे येतात.

सुशीलाबेन अविवाहित राहिल्या. प्यारेलाल यांनी हाती घेतलेले गांधीजींचे विस्तृत चरित्र १९८२ मध्ये त्यांच्या निधनामुळे अपुरे राहिले होते. ते काम त्यांनी पुढे चालविले. वृद्धापकाळातही सेवाग्रामच्या संस्थेची धुरा त्यांच्याकडेच होती. ३ जानेवारी २००१ रोजी वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

औषधदानाचा अर्थ

आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी चार दाने आपल्या पूर्वाचार्यांनी सांगितली आहेत. गावोगावचे जैन न्यास धर्मार्थ दवाखाने चालवितात, शिबिरे भरवितात, औषधे वाटतात. देणगीदारांच्या औदार्यावर ही कामे उभी आहेत आणि ती वाढावीत, यात दुमत नाही. सुशीलाबेन यांचे चरित्र त्यात एका गोष्टीची भर घालते. औषध देणे हा सेवेचा एक भाग आहे. रुग्ण कोण आहे, त्याचे नियम कोणते, त्याची भीती कशाची आणि श्रद्धा कशावर आहे, हे जाणून घेऊन त्याच्याजवळ बसणे, हा दुसरा भाग. पहिला पैशाने होतो. दुसऱ्यासाठी माणूस लागतो.

आपल्याकडे आजही चातुर्मासात वयोवृद्ध श्रावक-श्राविका दीर्घ उपवास करतात. त्यांतील कित्येकांना मधुमेह असतो, रक्तदाब असतो. प्रत्याख्यान घेण्यापूर्वी डॉक्टरांना विश्वासात घेणे, आणि घेतल्यानंतर डॉक्टरांनी त्या व्रताचा उपहास न करता मर्यादेत राहून लक्ष ठेवणे, या दोन्ही गोष्टी घडल्या पाहिजेत. आगाखान पॅलेसमधील त्या एकवीस दिवसांत व्रत आणि वैद्यक एकमेकांचे वैरी झाले नाहीत. ज्याने उपवास केला त्याची प्रतिज्ञा राहिली, आणि जिने त्याच्या उशाशी रात्री काढल्या तिच्या शास्त्राची प्रतिष्ठाही राहिली. इतिहासाने पहिल्याचे नाव महात्मा म्हणून नोंदविले आहे. दुसरीचे नाव घेताना वैयावृत्त्य हा आपला शब्द जितका चपखल बसतो, तितका दुसरा कोणताही बसत नाही.